सावडीचं वय

औशाच्या महानंदा बिराजदारचं वय शाळेच्या दाखल्यावर सेहेचाळीस होतं, आईच्या आठवणीत त्याहून पाच महिन्यांनी कमी, आणि रक्तात चव्वेचाळीस पूर्णांक सहा. तिन्हींतलं एकही तिच्या कामाचं नव्हतं. तिला चाळीस हवं होतं.

दाखल्यावरची तारीख एक जून. ती मुख्याध्यापकांची कृपा. महानंदा जन्मली दिवाळीत. पण पहिलीत बसवायची तर वयात पाच महिने कमी पडत होते, तेव्हा गुरुजींनी पेन उचललं आणि ते भरून काढले. त्यांच्या या सढळ हातामुळे निम्म्या तालुक्याचा वाढदिवस एकाच दिवशी येई आणि कुणालाच त्याचं फारसं कौतुक नसे.

हेच पाच महिने पुढे अंगाशी आले. उत्तर संघात, म्हणजे त्या थंड देशांनी एकत्र येऊन केलेल्या संघात, कायमचं राहायला जायचं तर वयाला गुण असत. तिशीत पूर्ण, चाळिशीत निम्मे, पंचेचाळिसाव्या वाढदिवशी दार बंद. महानंदाचं दार एक जून दोन हजार पंचेचाळीसला बंद झालं. त्या दिवशी ती आयटीआयमध्ये पोरांना उभ्या पाइपाचं वेल्डिंग शिकवत होती. संध्याकाळी घरी येऊन तिनं भाकऱ्या थापल्या आणि कुणाला काही सांगितलं नाही.

सांगण्यासारखं फार नव्हतंच. बावीस वर्षांची असताना ती वेल्डिंगच्या देशपातळीवरच्या स्पर्धेत दुसरी आली होती. उत्तरेतल्या एका कंपनीनं पत्र पाठवलं होतं: हायड्रोजन वाहून नेणाऱ्या पाइपांचे जोड करायला या. हायड्रोजन हा जगातला सर्वांत हलका वायू. केसाच्या शंभराव्या भागाएवढी फट राहिली तरी निसटतो. असे जोड जमणारे हात थोडे असतात. पण लग्न ठरलं होतं. होणाऱ्या सासूबाईंनी, निलावतीबाईंनी, पत्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि निकाल दिला, "पाइप काय, हितं बी हायत की." विषय मिटला. पुढच्या चोवीस वर्षांत महानंदाचे अकरा विद्यार्थी उत्तरेत गेले. तिकडचे पाइप कसे दिसतात ते बाईंनी पोरांच्या फोटोंवरून शिकून घेतलं.

आणि सेहेचाळीस सालच्या जुलैत उत्तर संघानं नियमच बदलला. जन्मतारीख रद्द. यापुढे वय रक्तात मोजायचं.

शोध तसा जुना होता, नवा होता तो विश्वास. आपल्या प्रत्येक पेशीत सूचनांचं एकच जाडजूड पुस्तक असतं. पेशी पुस्तकातला मजकूर बदलत नाही. पण कुठलं पान वाचायचं आणि कुठलं मिटून ठेवायचं, हे कळावं म्हणून पानापानावर मिथाइल नावाच्या रेणूच्या बारीक खुणा करत जाते. वय वाढतं तशा या खुणा काही जागी दाटत जातात, काही जागी पुसट होतात. त्या वाचल्या की शरीर किती चाललंय ते कळतं. गंमत अशी की सगळीच झीज खूण ठेवत नाही. दिवसाची झीज त्याच रात्री भरून निघाली तर पान कोरं राहतं. न भरता साचत गेली, तर उमटते. नीट निगा राखली तर उमटलेल्यातल्या काही पुसताही येतात. उत्तर संघाचं म्हणणं एवढंच, की तुम्ही कधी जन्मलात याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. अजून किती वर्षं हात चालतील ते दाखवा.

ही बातमी महानंदाला तिच्या नवऱ्यानं आणून दिली. गुरुनाथ बिराजदार पशुधन पर्यवेक्षक. अख्खा तालुका त्यांना डॉक्टर म्हणे आणि तेही कुणाची चूक दुरुस्त करत नसत.

"बाजारात बैलाचा जन्मदाखला कोण मागतंय?" ते म्हणाले. "तोंड उघडायचं, दात बघायचे. दोन दाती, चार दाती, जुळलेला. या शहाण्यांना आत्ता कळलं."

"मग माझे दात मोजता का आता?"

"तुझे दात चोवीस वर्षं बघतोय. म्हणून तर म्हणतो, अर्ज कर."

नियम त्यांनी तोंडपाठच केले होते. मुख्य अर्जदाराचं देहवय चाळीसच्या आत. जोडीदाराचं पन्नासच्या आत, निदान शिक्क्याच्या वेळी तरी. मंजुरीनंतर सहा महिन्यांनी, शिक्का मारायच्या वेळी, दोघांचा पुन्हा एक थेंब. आईवडिलांना दोन वर्षांनी बोलावता येईल, पण ते स्वतःच्या पायांनी चालत आले पाहिजेत. डॉक्टर स्वतः सत्तेचाळीस पूर्णांक नऊ भरले. त्यांची चिंता नव्हती. महानंदाला साडेचार वर्षांहून थोडी जास्तच उतरवायची होती.

वय उतरवायचं कुठे? हा प्रश्न लातूर जिल्ह्यात पडत नाही. डॉक्टर-इंजिनिअर व्हायला अख्खा महाराष्ट्र जिथे पोरं पाठवतो, त्या लातुरात नियम आल्यापासून तीन महिन्यांत देहवयाचे सतरा क्लास निघाले. त्यांतला नावाजलेला टेकाळे सरांचा. चौकाचौकात त्यांचे फ्लेक्स: फेटे बांधलेले पन्नाशीचे बाप्ये, गळ्यात हार, खाली ठळक अक्षरांत 'दाखल्यावर ५१, देहवय ३९.७'. पोरांच्या वेळी जे केलं तेच सरांनी त्यांच्या आईबापांसाठी केलं. होस्टेल, मेस, दर रविवारी सराव चाचणी, सोमवारी भिंतीवर यादी. रात्री नऊला दिवे बंद आणि वॉर्डन बॅटरी घेऊन कुणी जागं तर नाही ना ते बघणार. प्रवेशअर्जातलं कलम चौदा मात्र सरांचं खास: विद्यार्थ्यास घरची कोणतीही वाईट बातमी कळवू नये. पालकांना, म्हणजे इथे नवऱ्यांना आणि बायकांना, हे समजावून सांगायची गरज पडत नसे. पोरगं बारावीला असलं की घरातलं मयतसुद्धा पेपर संपेपर्यंत दडवायची सवय सगळ्यांना होतीच.

महानंदा बिनपगारी रजा घेऊन सात महिन्यांच्या बॅचला बसली.

पहिल्या आठवड्यात तिला झोप येईना. कुणी हाक मारत नव्हतं. ताटात दुसऱ्या कुणी केलेली भाकरी पडे आणि ती खाताना तिला चोरी केल्यासारखं वाटे. तिसऱ्या आठवड्यात ती सलग आठ तास झोपली आणि सकाळी घाबरून उठली, काय राहिलं म्हणून. काहीच राहिलं नव्हतं. चौथ्या महिन्यात भिंतीवरच्या यादीत ती पहिल्या दहांत आली. शेजारच्या खाटेवरची नळदुर्गची मुख्याध्यापिका तिला म्हणाली, "बिराजदार बाई, तुम्ही मागच्या जन्मी झोपलाच नव्हता की काय?"

"याच जन्मीची थकबाकी आहे," महानंदा म्हणाली.

महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं भेट. डॉक्टर येत, स्वच्छ इस्त्रीच्या शर्टात, केसांना ताजा कलप, आणि पंधराच्या पंधरा मिनिटं जनावरांच्या गोष्टी सांगत. कुणाची म्हैस अडली, कुठल्या बोकडानं पोस्टमनला गावाबाहेर काढलं. सासूबाई कशा आहेत विचारलं तर म्हणत, "तुझी उणीदुणी काढायला तू नाहीस, म्हणून माझी काढते. बाकी मजेत." महानंदा हसे. इतकी हसणारी बाई वॉर्डनला आवडे; हसण्याचेही यादीत गुण दिसत.

सातव्या महिन्यात दोघं पुण्याच्या चाचणी केंद्रावर गेले. एकेक थेंब दिला. तासाभरानं पडद्यावर आकडे आले आणि हातात छापील अहवाल. महानंदा: अडतीस पूर्णांक सहा. टेकाळे सरांच्या फ्लेक्सवर तिची जागा पक्की झाली.

गुरुनाथ: एक्कावन्न पूर्णांक तीन.

"यंत्र बिघडलं असेल," डॉक्टर म्हणाले आणि आपला कागद घडी करून खिशात घालू लागले. महानंदानं तो काढून घेतला. वेल्डिंग शिकवणारी बाई. जोड वरून कितीही गुळगुळीत असला तरी आत कुठे हवा राहिलीय, घाई कुठे झालीय, हात कुठे थरथरलाय, हे पोरांना दाखवून देण्यात तिची चोवीस वर्षं गेलेली. अहवालाच्या खालच्या बाजूला 'अलीकडच्या खुणा' असा रकाना होता. तो ती उभ्या उभ्या वाचू लागली.

"झोप तुटलेली. सलग चार महिने. दोनदोनदा, जवळपास रोज."

"उन्हाळा होता. डास."

"कंबरेच्या स्नायूंना ओढ, डाव्या अंगाला जास्त. तुम्ही कुणाला उचलता?"

"जनावरांचं काम आहे माझं, नंदा."

"म्हैस काय रात्री दोनदा लघवीला उठवते?"

डॉक्टरांनी केंद्राच्या छताकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. मग म्हणाले, "माय पडली. तू गेलीस त्याच्या तिसऱ्या महिन्यात. खुबा मोडला. ऑपरेशन केलं. अजून उभी राहत नाही."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"माझं काही नाही त्यात. तिनंच शपथ घातली. म्हणाली, नंदाला कळलं तर तिचा आकडा वाढंल. गल्लीत सगळ्यांना दम दिला. टेकाळे सरांनापण ठाऊक आहे. आता तू अशी बघू नकोस. तुझं झालंय ना, तू जा. माझं मागनं बघू."

महानंदानं दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. एकावरून उतरलेलं दुसऱ्यावर चढलं होतं. टेकाळे सर सांगत होते की क्लासमध्ये वय कमी होतं. होत नव्हतं. ते तिच्या अंगावरून उठून औशाला गेलं होतं आणि नवऱ्याच्या पाठीवर बसलं होतं. यात तिला सगळ्यांत जास्त लागलं ते हे, की याच नवऱ्याच्या विनोदांवर ती सात महिने निवांत हसली होती.

"उद्यापासून क्लासमधल्या माझ्या खाटेवर तुम्ही झोपायचं," ती म्हणाली.

"आणि तू? तुझा दुसरा थेंब राहिलाय. चाळीस ओलांडलंस तर दोघांचंही गेलं."

"ते मी बघते. सहा महिने आहेत."

निलावतीबाई खाटेवर पडून छताचे वासे मोजत होत्या. सून दारात दिसली तशा म्हणाल्या, "आलीस? कुणी चहाडी केली?"

"तुमच्या लेकाच्या रक्तानं."

"बापावर गेलंय. पोटात काई राहत नाई." मग भिंतीकडं तोंड करून, "जा तू परत. माझं काय, आज हाय उद्या नाई. तुझा आकडा वाढूलाला हितं."

"आत्याबाई, आकडा माझा आहे. कूस बदला."

पहिल्या पंधरा दिवसांत महानंदानं एक गोष्ट केली. आयटीआयच्या भंगारातून पाइपाचे तुकडे, सायकलची चेन आणि एक कप्पी आणून तिनं खाटेच्या डोक्याशी उचलणी बांधली. हँडल फिरवलं की सत्तर किलोचं माणूस कापडी झोळीतून अलगद उठून खुर्चीत बसे, आणि फिरवणाऱ्याच्या कंबरेला कळतही नसे. पहिल्यांदा वर उचललं तेव्हा निलावतीबाईंनी देवाचं नाव घेतलं, दुसऱ्यांदा सुनेचं, आणि तिसऱ्यांदा म्हणाल्या, "मला काय आडातनं काढूलालीस व्हय?"

पण रात्रीची उठबस उचलणीनं सुटत नव्हती. पंधरा दिवसांत महानंदाचा सराव आकडा पाव वर्षानं चढला. ह्या चालीनं सहा महिन्यांत तीन वर्षं. तिला परवडणारी होती एक पूर्णांक चार. तिनं हे ओट्यावर खडूनं मांडलं, तेव्हा शेजारची तस्लीमभाभी दूध द्यायला आली होती. तस्लीमभाभीनं आकडे वाचले नाहीत. बाईचे डोळे वाचले.

"पेरणीला माणूस कमी पडलं तर काय करतो आपण?" ती म्हणाली. "सावड करतो. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. मग आक्काची, तुझ्या सासूची, सावड का नाही करायची?"

महानंदानं खडूनं ओट्यावर शेजारची आठ घरं मांडली. वेल्डिंगमध्ये एकाच जागी उष्णता दिली तर पत्रा वाकतो. तीच थोडी थोडी लांबवर वाटून दिली तर सरळ राहतो. हे ती चोवीस वर्षं फळ्यावर लिहीत आली होती. एका शरीरावर रोजची तुटकी झोप साचते, खूण उमटते. आठ घरांनी मिळून ती झोप वाटून घेतली, तर प्रत्येकीला एक रात्र मोडायची आणि पुढच्या कित्येक रात्री भरून काढायला मिळायच्या.

गल्लीतल्या आठजणी तयार झाल्या. दयामाया म्हणून नव्हे; तसं असतं तर आठवड्यात विरलं असतं. सावड म्हणजे दिवसाला दिवस, आणि त्यात कुणी कुणाला माफ करत नाही. माफ करणं हा अपमान. महानंदा आपली पाळी करी आणि शिवाय फेडत राही. इंदूच्या तुरीला गेली, कमलच्या मुलीच्या बाळंतपणात आठवडाभर राबली, चौघींच्या खिडक्यांचे गज आणि एकीचं दार जोडून दिलं. संध्याकाळी चारला बाहेर पडून चालायची आणि नऊला झोपायची, पाळी नसेल तेव्हा. नातेवाईक बघायला आले तर त्यांच्या हाती उचलणीचं हँडल देई. त्यामुळे बघायला येणारे कमी झाले आणि आलेले उपयोगी पडू लागले.

डॉक्टर लातूरला क्लासच्या पुरुषांच्या खोलीत तिच्या जागी झोपत. घोरण्याबद्दल त्यांना दोनदा समज मिळाली. भेटीच्या पंधरा मिनिटांत आता महानंदा जाई आणि त्यांना सगळं खरं सांगे, कलम चौदा असूनही. आई आज रडली. आई आज धरून उभी राहिली. आईनं तस्लीमभाभीच्या नातवाला शिवी शिकवली.

"हे ऐकून माझा आकडा वाढेल," डॉक्टर म्हणत.

"वाढू दे जरा. ठाऊक नसलेलं जास्त वाढवतं."

पाचव्या महिन्यात टेकाळे सर स्वतः यंत्र घेऊन औशाला आले. बिराजदार मॅडमचा आकडा घरी बसून, आजारी सासू सांभाळून जेमतेम अर्ध्या वर्षानं चढलाय, हे त्यांच्या धंद्याला न पटणारं होतं. त्यांनी गल्लीतल्या आठहीजणींचे थेंब घेतले आणि महिन्याभरानं पुन्हा घेतले. भार कुणावर सरकलाय ते त्यांना शोधायचं होतं. आठांपैकी एकीचाही आकडा वाढलेला नव्हता. मग धंद्यातल्या माणसाला सुचतं तेच त्यांना सुचलं.

"मॅडम, याचं पॅकेज करता येईल. सावड पॅकेज. बायका आम्ही पुरवू."

"सर," महानंदा म्हणाली, "पगार दिलात की ती मजुरी झाली. त्या बायकांची झीज मग कोण वाटून घेणार?"

सरांनी हे वहीत लिहून घेतलं. कळलं म्हणून की फ्लेक्ससाठी, ते त्यांनाच ठाऊक.

मार्चमध्ये दुसरा थेंब झाला. महानंदा एकोणचाळीस पूर्णांक चार. डॉक्टर एकोणपन्नास पूर्णांक एक. दोघांच्या पासपोर्टवर शिक्के बसले, आणि शिक्क्यावर लिहिलं होतं की तीन आठवड्यांत उत्तरेत पाऊल पडलं पाहिजे. नाही पडलं तर शिक्का रद्द.

गल्लीनं पेढे वाटले. महानंदानं घेतला नाही. ती ओट्यावर खडू घेऊन बसली होती. आठजणींनी मिळून चौऱ्याऐंशी दिवस दिले होते. तिनं पंचेचाळीस फेडले होते. एकोणचाळीस राहिले होते आणि हाताशी होते एकवीस.

"कोण मागतंय तुझ्याकडे?" तस्लीमभाभी म्हणाली.

"कुणी मागत नाही, तेच तर. मागितले असते तर भांडता आलं असतं." ती डॉक्टरांकडे वळली. "तुम्ही पुढे व्हा. मी फेडून येते."

"तुझ्या नावावर अर्ज आहे, नंदा. तू नाहीस तर मी तिथे कोण?"

"मग नाही जात. पाइप इथंही आहेत."

हे वाक्य खोलीतल्या खाटेपर्यंत गेलं असावं. निलावतीबाई गेले दोन महिने काठी धरून अंगणापर्यंत चालत. त्या दिवशी मात्र जेवायलाही बाहेर आल्या नाहीत.

पुढचे काही दिवस महानंदा पहाटे उठून एकीच्या रानात आणि दुपारी दुसरीच्या घरी जात राहिली. बॅगा कपाटावर तशाच. आठवड्यानं ती भर दुपारी अचानक घरी आली, हातमोजे विसरले म्हणून, आणि खाट रिकामी दिसली. काठीही नव्हती. न्हाणीघर पाहिलं, अंगण पाहिलं, मागचा गोठा पाहिला. मग तस्लीमभाभीच्या दारातून ओळखीचा खेकसण्याचा आवाज आला.

निलावतीबाई चटईवर नव्हे, खुर्चीत ताठ बसल्या होत्या. मांडीवर तस्लीमभाभीचा दोन वर्षांचा नातू झोपलेला, एका हातात सूप, सुपात निवडायची ज्वारी. घरात दुसरं कुणी नव्हतं. भाभी सकाळीच रानात गेली होती.

"आत्याबाई, इथं काय करता? पडला असता तर?"

"हळू बोल. आत्ता झोपलंय."

"कुणी आणलं तुम्हाला?"

"पायांनी." त्यांनी सुपातला एक खडा शोधून बाजूला टाकला. "सोमवारी इंदूची सासू राखली. मंगळवारी कमलच्या शेंगा फोडल्या. काल आन आज हितं. तस्लीम म्हणूलाली, तुमचं वय झालंय, बसा. म्हटलं, बाई, माझं वय मोजूलालंय कोण? मला कुठं शिक्का पायजे?"

महानंदा उंबऱ्यावर बसली.

"सावड घराची असती," निलावतीबाई म्हणाल्या. "माणसाची नसती. दिवस घेतले मी, लोळत पडून. फेडायचे बी मीच." मुलानं झोपेत हात हलवला तशी त्यांनी सूप खाली ठेवून त्याला थोपटलं. बोटं जुनी होती, लय पक्की होती. "हा चौथा दिवस. तुझे या आठवड्याचे सात धरून अठ्ठावीस राहिले. ते माझे मी बघते. तू जा, बॅग भर."